काढा होऊ न देता

पहिल्या खेपेला कप नाकाजवळ नेऊन माझ्या मुलीनं विचारलं होतं, "बाबा, आजारी कोण आहे?"

प्रश्न रास्त होता. लवंग, दालचिनी, मिरी आणि आलं एका पातेल्यात अर्धा तास खदखदलं की मराठी घरात त्याचा एकच अर्थ होतो. फरक इतकाच, की पातेल्यात पाण्याऐवजी सफरचंदाचा रस होता आणि तो आजाऱ्यासाठी नव्हे, पाहुण्यांसाठी केला होता. पाहुणे भले होते. त्यांनी तो औषधासारखा, एका दमात प्यायला.

मिशिगनमधला आमचा तो दुसरा हिवाळा. त्याच्या थोडं आधी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शेजारच्या आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. टर्की आमच्या कामाची नव्हती, म्हणून मी बटाट्याच्या वाडग्यापाशी घुटमळत होतो. तिथंच ओट्यावर एक स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं भांडं, होता, त्यात पळी, शेजारी कप. आत तपकिरी, गढूळ काहीतरी वाफाळत होतं. चहा समजून मी घोट घेतला. आधी सफरचंद आलं, आंबटगोड, दाट. मागून दालचिनी. गिळल्यावर घशात लवंगेची बारीकशी चुणचुण राहिली, तीही लगेच गेली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. मी तीन कप प्यायलो आणि निघताना कृती विचारली. आजी म्हणाल्या, कृती कसली त्यात? सायडर ओतायचं, दालचिनीच्या कांड्या टाकायच्या, बटण मंदवर ठेवायचं आणि विसरून जायचं.

विसरून जाणं मात्र आमच्या रक्तात नाही. चहा असो की आमटी, पातेल्यापाशी उभं राहून ढवळल्याशिवाय आम्हाला करमत नाही.

सायडर या शब्दाचा घोळ आधीच मिटवलेला बरा. इथं अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं की ताज्या सफरचंदांचा पिळून काढलेला, न गाळलेला, न आंबवलेला रस. आंबवून दारू झाली की ते 'हार्ड सायडर'. इंग्लंडात उलटं, तिथं सायडर म्हणजे दारूच. माझा एक मावसभाऊ तिकडे असतो. पुढं एकदा मी त्याला फोनवर सहज सांगितलं, की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सायडर करणार आहे. पलीकडं बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "वहिनींना माहितीय?"

तसं पाहिलं तर जुन्या काळी इथंही नुसतं सायडर म्हणजे आंबवलेलंच. दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स सकाळी उठून एक मोठा पेला सायडर घेत, आणि ते काही सफरचंदाचं सरबत नव्हतं. 1840 च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनचा सगळा प्रचारच लाकडी ओंडक्यांचं घर आणि हार्ड सायडर या दोन गोष्टींवर चालला, आणि तो जिंकलाही. पण आमच्या कॉलनीत आज सायडर म्हणजे शाळकरी पोरांचं पेय.

ते मिळतं सायडर मिलवर. डेट्रॉइटच्या आसपास अशा मिल बऱ्याच आहेत. सप्टेंबर लागला की शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते. रॉचेस्टर हिल्सला क्लिंटन नदीच्या काठावर येट्स नावाची मिल आहे. तिथं 1876 पासून सायडर निघतं आणि तेही नदीच्या पाण्याच्या जोरावर. आम्ही पहिल्यांदा गेलो ते खरं तर गरम डोनटसाठी. दालचिनी-साखरेत घोळवलेले डोनट आणि थंड सायडर ही इथली शरद ऋतूची जोडगोळी. पण मी खिडकीपाशी थबकलो तो थबकलोच. धुतलेली सफरचंदं वरून घरंगळत येत होती, यंत्रात भरडली जात होती, तो भरडा कापडात गुंडाळून चौकटीवर चौकट असा थर रचला जात होता. वरून दाब आला आणि चहूबाजूंनी रस पाझरायला लागला.

मी करवीर तालुक्यातला. आमच्या गावच्या रानात दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटायची. चरकातून निघणारा उसाचा रस, काहिलीत उकळणारं आधण, जळणाला वाळलेली चिपाडं, आणि अंगाला चिकटून घरापर्यंत येणारा तो गोड धुरकट वास. त्या खिडकीत धूर नव्हता, काहील नव्हती, सगळं स्टीलचं आणि धुवून काढलेलं. पण पिळून झालेला चोथा बाहेर ट्रॉलीत पडत होता आणि त्यावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, अगदी आमच्या चिपाडांवर घोंघावायच्या तशा. बायको म्हणाली, "चल ना रे, डोनट गार होतायत." तिला काय सांगणार?

तर तो पहिला काढा. त्यात काय काय चुकलं ते मला पुढची दोन वर्षं एकेक करून कळत गेलं.

पहिली चूक उकळीची. आपला मसाल्याचा चहा उकळल्याशिवाय उतरत नाही. पण सफरचंदाच्या रसाचा जीव त्याच्या वासात, आणि तो वास इतका हलका की खदखदून उकळलं की वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो. घरभर काय सुंदर वास येतोय म्हणून आपण खूश होतो, आणि कपात उरतं गोड-आंबट पाणी. शिवाय रस जोरात तापला की त्यातलं पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट धरणारा फळातला पदार्थ, आणि प्रथिनं गोळा होऊन वर तपकिरी फेस येतो. मी तो ढवळून ढवळून परत आत जिरवला होता.

दुसरी चूक दालचिनीच्या पुडीची. घरात कांड्या नव्हत्या, पूड होती. पूड विरघळत नाही, गरम रसात फुगते आणि बुळबुळीत होऊन तळाशी बसते. शेवटचा घोट घेणाऱ्याच्या तोंडात अक्षरशः चिखल येतो. इथं ज्या जाड, दोन्हीकडून गुंडाळी झालेल्या कांड्या मिळतात ती बहुतेक कॅशिया, म्हणजे सिलोनच्या नाजूक पापुद्र्यांच्या दालचिनीची रांगडी चुलत बहीण. या कामाला तीच बरी. तासभर गरम रसात पडून राहिली तरी तिचा भुगा होत नाही.

तिसरी लवंगेची. साडेतीन-चार लिटर रसाला मी मूठभर लवंगा टाकल्या होत्या. दाढ दुखली की आपण लवंगेचं तेल लावतो ते बधिरपणासाठी, आणि तो बधिरपणा ज्या युजेनॉलमुळे येतो ते गरम रसात हळूहळू उतरतच राहतं. पहिल्या कपाला चव बरोबर असते, दुसऱ्याला जरा तिखट, तिसऱ्याला दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. त्यात आजींच्या सायडरमध्ये जे काळसर, मिरीपेक्षा मोठे दाणे होते ते मी ऑलस्पाइस म्हणून वेगळे आणून टाकले होते. नावावरून मला वाटलं होतं की हा आपल्या गरम मसाल्यासारखा मिश्र मसाला असेल. तसं नाही. ते जमैकाकडच्या एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे, पण वास लवंग-दालचिनी-जायफळ एकत्र केल्यासारखा. त्यातही युजेनॉलच. म्हणजे मी लवंगेवर लवंग टाकली होती.

वेलदोड्याचा मोह झाला नाही असं नाही. पुढच्या एका खेपेला चारच ठेचून टाकले. मुलगी म्हणाली, पेढ्याचं पाणी झालंय. तो विषय तिथंच संपला.

दुसऱ्या वर्षीची कथा वेगळी. त्या ऑक्टोबरात मी रस्त्याकडेच्या एका छोट्या मिलवरून पाश्चराइज न केलेलं सायडर आणलं. आपल्या दारात थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांना अशी सूट असते, फक्त बाटलीवर इशारा छापावा लागतो, की यात अपायकारक जिवाणू असू शकतात, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजाऱ्यांनी जपावं. इशारा उगीच नाही. 1996 मध्ये पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरून एक लहान मूल दगावलं होतं, त्यानंतर हे नियम आले. मी ते वाचलं, तापवूनच प्यायचंय असा हिशेब केला, आणि फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून कॅन गॅरेजमध्ये ठेवला. थंडीच आहे, काय होतंय?

थंडी कसली, ऑक्टोबरचा शेवट होता आणि मधे चार दिवस चांगलं ऊन पडलं. दहा दिवसांनी कॅन बघितला तर तो पखालीसारखा फुगलेला. झाकण जरा सैल केलं आणि 'फस्स' करून जो फवारा आला तो गाडीच्या काचेपर्यंत. सफरचंदाच्या सालीवरचं यीस्ट फुकट बसत नाही, हे नीरा सूर्य वर आल्यावर काय होते ते माहीत असलेल्या माणसाला तरी सुचायला हवं होतं. चाखून पाहिलं. जिभेवर बुडबुडे, गोडी उतरलेली, आणि वास सरळसरळ आमच्या गावच्या वेशीबाहेरच्या त्या झोपडीचा. सगळं गटारात ओतलं. बायकोचं म्हणणं, मी ओतताना उगाच फार हळू ओतत होतो.

तेव्हापासून मी पाश्चराइज केलेलं किंवा अतिनील प्रकाशाखालून काढलेलंच आणतो, आणि तरीही स्वयंपाकाचा तापमापक लावून 71 अंश सेल्सियसपर्यंत एकदा नेतो. लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट नसेल असं बघतो. त्यानं टिकतं खरं, पण तापल्यावर मला त्याची जिभेमागं काहीतरी रेंगाळल्यासारखी चव लागते. बायकोला लागत नाही. तिच्या मते मला तो शब्द वाचल्यावर लागते.

तिसऱ्या वर्षी आई आली, सहा महिन्यांसाठी. आणि त्याच वर्षी आमच्या घरी हळदीकुंकू ठरलं.

अडचण अशी, की सायडरचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. बऱ्याच मिल थँक्सगिव्हिंगच्या आसपास बंद होतात आणि संक्रांत येते जानेवारीत. मग नोव्हेंबरातच तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरच्या वर, आणून फ्रीझरमध्ये टाकलं. गोठताना फुगतं म्हणून प्रत्येक कॅनमधून आधी दोन कप काढून घेतले. एवढी अक्कल गॅरेजनं दिली होती.

आदल्या आठवड्यात चाचणी म्हणून एक कॅन बाहेर काढला. तो काही लवकर सुटेना. निम्मं पाणी झाल्यावर मी तेवढं पातेल्यात ओतलं आणि तापवलं. इतकं गोड की दात शिवशिवले. मला वाटलं, वा, यंदा सफरचंदच गोड! मग उरलेला बर्फ वितळवून चाखला तर फिकं पाणी. गोठलेल्या रसातली साखर आधी सुटते आणि पाणी बर्फ होऊन मागं राहतं. म्हणजे कॅन पूर्ण सुटू द्यायचा, फ्रिजमध्येच दोन दिवस, आणि ओतण्याआधी चांगला हलवायचा.

आई हे सगळं खुर्चीत बसून बघत होती. पुन्हा सगळं एकत्र करून मी पातेलं चढवलं, कडेला फेस धरायला लागला तसा डाव घेऊन ढवळायला गेलो. आई उठली.

"आरं, मळी काढ की आधी. ढवळतूस काय?"

मळी! गुऱ्हाळावर रस तापला की वर येणारा सगळा कचरा म्हणजे मळी. ती सुटायला गुळव्या रानभेंडीचं चिकट पाणी टाकतो आणि जाळीच्या झाऱ्यानं भराभरा काढतो. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो. लहानपणी मी शंभर वेळा बघितलेलं. आणि दोन वर्षं मी तोच फेस मन लावून ढवळून आत घालत होतो. आईनं झारा घेतला, गॅस बारीक केला आणि तीन-चार वेळा पृष्ठभागावरून अलगद फिरवला. तपकिरी गाळ वाटीत आला. खाली रस निवळून, जुन्या तांब्यासारख्या रंगाचा.

"आता जाळ कमी ठिव. उकळू नगंस. गूळ करायचाय व्हय तुला?"

मग तिनंच विचारलं, "का रं, ह्येचा गूळ हुईल का?"

हा प्रश्न मी मिलच्या खिडकीपाशी स्वतःला विचारला होता. इथल्या न्यू इंग्लंडकडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले लोक सायडर आटवून सातव्या हिश्श्यावर आणतात आणि त्याचा दाट काळा पाक बाटलीत भरून ठेवतात. ती झाली सफरचंदाची काकवी. पण ढेप होत नाही. उसात मुख्य साखर ती खडा धरणारी सुक्रोज. सफरचंदात जास्त फ्रुक्टोज, आणि ती खडा धरायचा आळस करते. आणखी आटवलं तर पेक्टिनमुळे गूळ न होता जेली होते. हे मी आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर तिनं फ्रिजमधलं दोन लिटर सायडर दुपारभर आटवलं. संध्याकाळी बघतो तर वाटीत थरथरणारा, काळपट लाल, आंबटगोड गोळा. आई म्हणाली, गूळ न्हाई, पर वाया बी न्हाई. आठवडाभर ती ते चपातीला लावून खात होती, वर तूप. अकरा लिटरांतले दोन असे गेले आणि मला दुकानातून भर घालावी लागली.

हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेर उणे अकरा होतं. बायका काळ्या साड्या नेसून, वर गुडघ्यापर्यंतचे कोट आणि पायात बर्फाचे बूट घालून येत होत्या. दारात बूट काढून पिशवीतल्या चपला घालायचा कार्यक्रम चालला होता. आम्हा पुरुषांची रवानगी बेसमेंटमध्ये. पातेलं वर, जबाबदारी माझी, त्यामुळे मला एकट्याला वर थांबायची मुभा होती. 

त्या दिवशी केलं ते असं. मोठं स्टीलचं पातेलं. पितळी किंवा ॲल्युमिनियमचं अजिबात नाही, सफरचंदाची आंबटाई धातू खाते आणि चव कळकते. आईनं गावाहून आणलेलं पितळी पातेलं सुंदर होतं, पण त्याची कल्हई गेलेली. त्यात मी संत्री मांडून ठेवली. सायडर मंद आचेवर 71 अंशांवर नेलं, मळी काढली, आणि मगच मसाला टाकला. मसाला आधी टाकला तर मळीबरोबर तोही झाऱ्यात येतो. दर गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, दालचिनीच्या तीन कांड्या, लवंगा सहा, ऑलस्पाइसचे आठ दाणे, अंगठ्याएवढं आलं चेचून. लवंग आणि दाणे मलमलच्या पुरचुंडीत, म्हणजे वेळेवर बाहेर काढता येतात. संत्र्याच्या चकत्या दिसायला छान, पण सालीखालचा पांढरा भाग तासाभरात कडू उतरतो. म्हणून फक्त वरची नारिंगी साल, सोलाण्यानं काढलेली. साखर नाही. चिमूटभर मीठ, लिंबाच्या सरबतात टाकतो तसं. ही भर माझी, आजींना ती अजून पटलेली नाही.

चाळीस मिनिटांनी पुरचुंडी काढून टाकली. पातेलं स्लो कुकरमध्ये रिकामं केलं आणि बटण 'वॉर्म'वर. 'लो'वर नाही. 'लो' हा शब्द फसवा आहे, हळूहळू तोही उकळीपर्यंत नेतो. वर जायफळ दोनदा किसलं, दोनदाच.

वाण म्हणून बायकोनं छोट्या स्टीलच्या डब्या ठेवल्या होत्या, हलवा, तिळगूळ, सगळं रीतसर. माझ्या कपांकडं आधी कुणी वळेना. चहा आहे का, असं दोघींनी विचारलं. मग शेजारच्या आजी आल्या. बायकोनं त्यांनाही बोलावलं होतं, कपाळावर कुंकू लावून त्या मोठ्या खुशीत होत्या. त्यांनी सवयीनं सरळ स्लो कुकरकडं जाऊन कप भरला आणि घोट घेऊन डोळे मिटले. ते बघून चार जणी आल्या. अर्ध्या तासात पहिला कुकर रिकामा झाला. एका वहिनींनी पुण्याला फोन लावून बहिणीला कृती सांगायला सुरुवात केली, "हे बघ, आधी सगळं मस्त उकळून घ्यायचं." मी मधे पडलो नाही. आई पडली.

तिळगुळाबरोबर ते फार जमतं, हे त्या दिवशी कळलं. तिळाच्या खमंग तेलकटपणावर आंबटगोड गरम घोट. आजींना तिळगुळाची वडी चावेना, म्हणून त्यांनी ती सरळ कपात बुडवली. गूळ थोडा सुटला, तीळ वर तरंगले. त्यांनी मला खूण करून सांगितलं, हे पुढच्या वर्षी मुद्दाम करायचं. मुलगी तीन कप प्यायली आणि या वेळी आजारी कोण आहे ते तिनं विचारलं नाही.

रात्री भांडी घासायला घेतली तर दालचिनीच्या नऊच्या नऊ कांड्या गायब. कचऱ्यात नव्हत्या. बायको म्हणाली, आईंना विचार. आईच्या खोलीत गेलो. तिनं त्या धुवून, जमिनीतल्या गरम हवेच्या झरोक्यावर वर्तमानपत्र टाकून त्यावर वाळत घातल्या होत्या.

"अजून लई दम हाय त्यात," ती म्हणाली. "उद्या चहात टाक. आन् चहा मातुर चांगला उकळ."